मामा, आपण पिक्चरमधले ख्रिश्चन नाही ना?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. कालव्याची आवर्तनं, उसाचा दर, नगरपालिका यावर मी लिहितो आणि तुम्ही खाली भांडता, हे आपलं नेहमीचं. आजचा विषय त्यातला नाही. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, पण या विषयावर आजवर एक ओळ लिहिली नव्हती.

माझी भाची बारामतीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या डिसेंबरात तिने एक रील टाकलं. जेमतेम चाळीस सेकंदांचं. आमच्या चर्चची पोरं रात्री नाताळच्या फेरीला निघालीत, ढोलकी, टाळ, एकाच्या गळ्यात गिटार, डोक्याला मफलरी, आणि मागून कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली जाते. गाणं मराठी, आमच्या 'उपासना संगीत' या गायनपुस्तकातलं. इतकंच.

आधी बदाम आले, मैत्रिणींचे. मग कुठूनसं ते भलत्या लोकांपर्यंत पोचलं. एकाने लिहिलं, 'तांदळाच्या पोत्यावर विकलेले'. दुसऱ्याने, 'गोव्याला जा'. तिसरा जास्त शहाणा निघाला. त्याने लिहिलं, 'हिने कॉलेजात दाखला कोणता लावलाय ते बघा रे कुणीतरी'. पहिल्या दोघांना पोरीने उत्तरं दिली, चांगली सणसणीत. तिसरी कमेंट तिच्या वडिलांनी वाचली आणि रात्री रील डिलीट झालं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने इंदापूरला माझ्याकडे आली. चहा घेतला नाही, बसलीही नाही. म्हणाली, "मामा, ते गोव्याला जा म्हणतात. मी गोवा बघितलेलापण नाही. आपण पिक्चरमधले ख्रिश्चन नाही ना? मग आपण कुठले?"

मला हसू आलं, कारण शाळेत माझंही हेच झालं होतं. 'अमर अकबर अँथनी' १९७७ चा, म्हणजे माझ्या जन्माआधीचा. पण केबलवर तो इतक्यांदा लागायचा की वर्गात माझं नाव पडलं अँथनीभाई. ईस्टरच्या गाण्यात तो मोठ्या अंड्यातून बाहेर येतो ना, त्यावरून पोरं विचारायची, तुमच्याकडे खरंच असं असतं का? आणि तुझे वडील देशीचा अड्डा चालवतात का? माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. सुपारीचंही व्यसन नव्हतं त्यांना. 'बॉबी'तला जॅक ब्रगान्झा घ्या, 'ज्युली'तलं कुटुंब घ्या. पडद्यावरचा ख्रिश्चन म्हणजे मोडकं हिंदी, हातात ग्लास, मन मात्र सोन्यासारखं. अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून आलं ते गोव्याचे मोठे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक, प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूला दिलेली ती दाद होती. माझ्या वर्गापर्यंत मात्र नुसतं अंडं पोचलं.

आता बारामती-इंदापूरचा ख्रिस्ती माणूस बघा. आडनाव गल्लीतल्या इतरांचं तेच त्याचं. नाताळला आमच्याकडे करंज्या, शेव, चिवडा. केक आला तो बेकऱ्या वाढल्यावर. माझी आजी भेटेल त्याला 'सलाम' म्हणायची, आम्ही 'जय ख्रिस्त' म्हणतो, नवीन पोरं 'प्रेज द लॉर्ड'. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, शंभरात एक माणूसही धड भरत नाही. त्यात वसई, मुंबई वजा करा. आमच्या वाट्याला एक चर्च, एक कब्रस्तान आणि स्पर्धा परीक्षा नेमक्या रविवारी असल्याची तक्रार, एवढंच उरतं. बाहेर बारामती म्हटलं की लोकांना एकच आडनाव आठवतं, तिथे आम्ही कुणाच्या लक्षात राहणार!

भाचीला मी त्या दिवशी बसवून घेतलं आणि सांगायला लागलो. पत्रकाराची खोड, एक विचारलं की दहा सांगायचं. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात येतो काय आणि मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहितो काय. १६१६ साली ते छापलं गेलं, जवळपास ११ हजार ओव्या. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान तिला देतात. 'ज्ञानोदय' १८४२ ला अहमदनगरला सुरू झालं. आमच्या पत्रकारितेच्या डिप्लोमाला 'दर्पण'वर दोन तास झाले, 'ज्ञानोदय'वर अर्धं वाक्य. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते कुठे? तर आपल्याच जिल्ह्यात, केडगावला. पुण्याला जाता-येता चौफुल्याला आपण चहाला थांबतो, तिथून पाच-दहा मिनिटांवर.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, हे सगळं भारी आहे. पण यातलं माझ्या फोनमध्ये काय आहे?"

हे मला लागलं. कारण तिच्या फोनमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. हिलसाँगची गाणी, म्हणजे सिडनीच्या चर्चची. बीटीएस. 'द चोझन' ही येशूवरची अमेरिकन मालिका, ती रात्री पांघरुणात बघते. माझ्या आईने 'दयासागर' बघितला होता वस्तीत, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून. येशूला मारताना बायका हुंदके देऊन रडायच्या, आणि रीळ बदलायला प्रोजेक्टर थांबला की त्याच बायका शेंगा खायच्या. तो पिक्चर मूळचा तेलुगू, १९७८ चा. तेव्हाही आमचं स्वतःचं काही नव्हतंच. उसनंच होतं.

आणि गंमत पुढे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामती, इंदापूर, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात काम करायला जे मिशनरी आले, ते ऑस्ट्रेलियाचे. 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातून गोरा साहेब बोटीने आला आणि बैलगाडीतून वस्तीवर गेला. आज ऑस्ट्रेलियातून गाणं येतं आणि पोरीच्या कानातल्या इअरबडमध्ये जातं. साहेबाला निदान मराठी शिकावी लागली होती.

चर्चमध्ये यावरून कुरबुरी आहेतच. वडीलधारे म्हणतात, गिटार आणि लाइटी लावून उपासना होते का? एकदा संदेशात कोरियन पोरांच्या गाण्यांना जगाच्या गोष्टी म्हटलं गेलं. भाची घरी येऊन चिडली होती. "मामा, त्या गाण्यांनी बारावीला मला तारलंय. स्वतःचा तिरस्कार करू नको, एवढंच सांगतात ते. हे पाप कसं?" मी म्हटलं, पाप नाही, पण सातही जणांचे फोटो बायबलात ठेवत जाऊ नको. ती म्हणाली, "एकाचाच आहे."

पण तिला खरं छळतंय ते वेगळंच. हे ती मला पालखीच्या वेळी बोलली. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा आमच्या दारात दरवर्षी वारकऱ्यांसाठी चहा असतो. आजोबांपासूनची रीत. भाची यंदा आली होती चहा द्यायला. दुपारी गर्दी ओसरल्यावर पायरीवर बसून म्हणाली, "युवा मेळाव्यात लाइट बंद करून गाणी लावतात ना, तेव्हा मी रडते. सगळेच रडतात. वाटतं देव इथेच आहे. आणि सोमवारी प्रॅक्टिकलला काहीच नसतं. मग ते देवामुळे होतं की साउंड सिस्टिममुळे?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाळकसाहेबांकडेही असेलसं वाटत नाही. पण समोर एक म्हातारी वारकरीण टेकली होती, पायाला फोड आलेले, चहाची बशी हातात. तिला साउंड सिस्टिम नव्हती आणि सोमवारही नव्हता. भाची बराच वेळ तिच्याकडे बघत होती. नंतर तिच्या पायाला मलम लावायला गेली. परत आल्यावर मला विचारलं, "आपल्या भजनांची चाल यांच्यासारखी कशी काय?" तेव्हा मी तिला नारायण वामन टिळकांचं सांगितलं. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतो, आणि पुढे म्हणतो की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. लक्ष्मीबाईंनी आधी किती त्रागा केला, पाच वर्षांनी त्याही कशा आल्या. तो पूल म्हणजे हाच की, आपल्या दारावरून जाणारा! तिने लायब्ररीतून 'स्मृतिचित्रे' आणलं आणि आता मला रात्री अकराला मेसेज येतात, मामा लक्ष्मीबाई कसल्या विनोदी आहेत म्हणून.

आता त्या तिसऱ्या कमेंटकडे येतो. ती टाळून ही पोस्ट लिहिणं लबाडी होईल.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. २०२२ मध्ये यावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. माझे पणजोबा इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीत वेशीबाहेर राहायचे. धर्म बदलला, वेस तिथेच राहिली. पुढे आजोबांनी कागदावर 'ख्रिश्चन' लिहिलं आणि सवलतीवर पाणी सोडलं. त्यांच्या सख्ख्या भावाने लिहिलं नाही. दोन्ही घरं रविवारी एकाच बाकावर बसायची. कोण खरा आणि कोण खोटा, हे ठरवायला मला आजवर जमलेलं नाही. आजोबांची पोरं मागे राहिली, फिया भरताना आईच्या पाटल्या गेल्या. चुलत घरातला एक क्लास टू झाला आणि बदलीच्या गावी चर्चला जायचं सोडलं, कुणी बघेल म्हणून. निवृत्त झाल्यावर परत आला. पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसून नुसता रडत होता, आणि तिथे गिटार नव्हती की लाइटी नव्हत्या.

माझी भाची आजोबांच्या बाजूची. तिचा दाखला तपासायचा तर खुशाल तपासा, सवलत घेतलेलीच नाही. पण त्या रात्री तिचे वडील घाबरले ते स्वतःसाठी नाही. रीलमध्ये टाळ वाजवणारं पोरगं त्या दुसऱ्या बाजूचं होतं.

राहिलं तांदळाचं पोतं. १८७६ चा दुष्काळ, १८९६ चा, १८९९ चा. त्या दुष्काळांत कुणी भाकरीसाठी मिशनच्या दारात गेलंही असेल. मी नाही म्हणणार नाही. ज्याला गावच्या विहिरीवर पोहरा टाकू दिला नाही, त्याला दुसऱ्याने पाणी दिलं आणि तो तिकडे बसला, तर लाज नेमकी कुणाला वाटायला हवी? मला वाटत नाही. मिशनऱ्यांचंही सगळं गोड नव्हतं, आपल्या देवाधर्माबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलंय त्यातलं काही वाचून मान खाली जाते. तेही आमच्याच वहीत आहे.

मी यावर कधी लिहिलं नाही ते भीतीने. भीती म्हणजे मार खायची नाही. फादर दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांच्याबद्दल काय काय चाललं होतं, आठवत असेल. 'सुबोध बायबल' लिहिणारा, आयुष्य मराठीत घालवलेला माणूस. मी रोज वाचत होतो आणि रोज दुधाच्या दराच्या बातम्या देत होतो. एकदा लिहिलं की मी बारामती-इंदापूरचा पत्रकार उरणार नाही, ख्रिश्चन पत्रकार होईन, अशी भीती. मग प्रत्येक बातमीला लोक तो चष्मा लावतील. ते २०२४ च्या जुलैत गेले, तेव्हाही मी दोन ओळींची श्रद्धांजली टाकली, त्यात 'पर्यावरणप्रेमी लेखक' असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण भाचीने रील डिलीट केलं त्याला काही तास लागले, मी वीस वर्षं न टाकताच डिलीट करत होतो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. यंदाची फेरी सुरू झालीय, पुन्हा शूट केलंय. टाळवाल्याला विचारलं, तो म्हणाला माझं तोंड दिसू दे. त्याच्या घरीही विचारलं, त्यांना दोन दिवस लागले, मग हो म्हणाले. मी म्हटलं, टाक मग. तर म्हणाली, "मी नाही, तुम्ही टाका. तुमचे फॉलोअर जास्त आहेत, आणि तुम्हाला शिव्यांची सवय आहे."

रील खाली जोडलंय. ढोलकीवाला पहिल्या कडव्यात घाई करतो, तेवढं सांभाळून घ्या.