गाडी कुठे थांबते

माथेरानच्या बाजारात पेमास्टर पार्क नावाची एक लहानशी बाग आहे. जांभूळ, हिरडा, अंजनीची राई घराच्या परसापर्यंत आलेली, बाजार संपला की जंगल सुरू, अशा गावाला वेगळी आखलेली बाग हवीशी वाटावी ही गोष्ट मोठी गमतीची आहे. मुलांना खेळायला मोकळी जागा लागते, वृद्धांना टेकायला बाक लागतो, हे कबूल. तरीही ती बाग थोडी बिनकामाची वाटते, आणि का वाटते याचा विचार केला तर बागांविषयीच एक गोष्ट उलगडते. मुंबईचा किंवा पुण्याचा माणूस बागेत जातो तो झाडं बघायला, असं आपण धरून चालतो. झाडं तर त्याच्या सोसायटीच्या कुंपणालाही असतात. बागेच्या फाटकातून आत शिरल्यावर त्याला मिळते ती पाठीमागे न बघता चालण्याची मुभा. मूल हात सोडून धावलं तरी काळजात धस्स होत नाही. आपण बोलत बोलत मध्येच थांबू शकतो, आणि कोणी शिवी देत नाही. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने ही मुभा भर बाजारपेठेत मिळते, त्यामुळे तिथल्या बागेला करण्यासारखं काम उरत नाही. बाग शांत होते ती झाडांमुळे किंवा पाण्यामुळे नाही. गाडी तिच्यापासून किती लांब थांबवली यावर ते ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

हे कोणी सहज मान्य करणार नाही. माथेरानची शांतता उंचीची आहे, दाट झाडीची आहे, नियमाला श्रेय कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा महाबळेश्वर डोळ्यांपुढे आणावं. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. महाबळेश्वर त्याहून कितीतरी वर. झाडी तिथेही दाट. सरकारी संरक्षण म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, माथेरान फेब्रुवारी २००३ मध्ये. पाणी म्हणाल तर वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी गावाच्या पाण्यासाठी बांधवला, आणि माथेरानचा शार्लोट तलावही गावाला पाणी पाजण्यासाठीच अडवलेला. म्हणजे उंची, झाडी, कायदा, पाणी ही चारही कलमं दोन्हीकडे जुळतात. आता मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी वेण्णाच्या काठी काय असतं ते आठवा: मोटारींची रांग, मक्याची कणसं, स्ट्रॉबेरी-क्रीमचे पेले, आणि मागे सरकणाऱ्या गाडीची ती कर्कश धून. (स्ट्रॉबेरी-क्रीमचं मला वावडं नाही, धुनेचं आहे.) शार्लोटच्या काठी पिसारनाथाचं देऊळ आहे, माकडं आहेत, सुट्टीच्या दिवशी माणसांची झुंबडही असते. जवळच्या इको पॉइंटवर ओरडणाऱ्यांना तर मी कधीच माफ करणार नाही. तरी तिथे दमायला होत नाही, कारण गर्दी माणसांची असते आणि माणसं बाजूला होऊ शकतात. दोन्ही तळ्यांत मोठा फरक उरतो तो एकच: एकाच्या काठापर्यंत डांबरी रस्ता आहे, दुसऱ्यापर्यंत तांबड्या मातीची पायवाट.

नदीकाठच्या शहरांनी हा फरक कधी मनावर घेतला नाही. पुण्याची संभाजी बाग नकाशावर पाहिली तर नदीकाठची बाग आहे. पुढच्या अंगाला जंगली महाराज रस्ता, मागच्या अंगाला मुठा. पण त्या बागेत मुठा ऐकू येत नाही, रस्ता ऐकू येतो. शिवाय पुणेकरांनी नदीच्या पात्रातूनच वाहनांसाठी रस्ता काढला आणि उरलेल्या जागेत गाड्या लावल्या, तेव्हा नदीला स्वतःच्या काठावरही मान उरला नाही. मग महापालिका कारंजी बसवते, हिरवळ अंथरते, दगडी घाट बांधते. हे सगळं छान दिसतं, पण मूळ तक्रारीला हात लागत नाही. ‘शहर म्हणजे माथेरान नाही, तिथे माणसांना पोचायचं असतं’ हा आक्षेप मी ऐकून आहे. माथेरानलाही पोचावंच लागतं. मुंबईहून लोकलने नेरळ, तिथून रुळांवरची छोटी गाडी किंवा घाटातली टॅक्सी, आणि दस्तुरी नाक्यावर सगळ्या मोटारी बंद. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजवरून छोट्या गाडीने. पोचण्याची सोय आणि दारात गाडी उभी करण्याची सोय या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि आपल्या नगरपालिका पहिलीच्या नावाने दुसरी पुरवत असतात. पुण्यातच गेली काही वर्षं ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी शहर बंद पडत नाही. वर्षातून एक दिवस जमतं म्हणजे जमण्यासारखं आहे.

इथे कोणी म्हणेल की छोटी गाडी काय कमी आवाज करते? करते, भरपूर करते. आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळपासून वरपर्यंत सुमारे २१ किलोमीटरचा हा दोन फुटी लोहमार्ग घातला, तेव्हापासून डोंगर तिच्या शिट्या ऐकतो आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, वळणावर वळण टाकत ती धापा टाकत वर येते. २००५ च्या जुलैतल्या आणि पुन्हा २०१९ च्या पावसाने तिचा मार्ग उखडला आणि दोन्ही वेळा ती बराच काळ अडून राहिली, तेव्हा आवाज गेला म्हणून माथेरानात कोणी आनंद साजरा केल्याचं ऐकिवात नाही. शिट्टी रुळावरून येते, ठरल्या वेळी येते, आणि रुळावर उभ्या नसलेल्या माणसाशी तिचं काही देणंघेणं नसतं. हॉर्न मात्र नाव न घेता तुम्हालाच उद्देशून असतो: हट. दिवसभर शेकडो वेळा ‘हट’ ऐकून घेतलेला माणूस संध्याकाळी नदीकाठी जातो आणि तिथेही त्याला तेच ऐकू येतं. शांतता डेसिबलमध्ये मोजणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास थोडा कमी आहे तो यामुळे.

सगळ्यात वजनदार आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो माथेरानच्या आतूनच आला. गाड्या दस्तुरीला थांबल्या, पण बसून जाऊ इच्छिणारी माणसं थांबली नाहीत. त्यांचं ओझं घोड्यांनी वाहिलं, आणि माणसांनी. एक पुढे दांडी धरून ओढणारा, मागून ढकलणारे, मध्ये गादीवर बसलेलं कुटुंब, अशा हातरिक्षा तांबड्या चढावर पिढ्यानपिढ्या चालल्या. अलीकडच्या काळात त्यांचे ९४ परवाने होते. इंजिनाचा आवाज नव्हता, कारण इंजिनाच्या जागी माणसाची छाती होती. पर्यटक ज्याला शांतता म्हणत होते तिच्यात ही धाप मिसळलेली होती, आणि ती ऐकायची नाही असा जणू सभ्य संकेत होता. यात विशेष टोचणारी गोष्ट अशी की हे गाव भाई कोतवालांचं. १९१२ साली माथेरानच्याच एका नाभिक घरात जन्मलेला हा माणूस वकील झाला, कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी सावकाराविरुद्ध उभा राहिला, धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यांच्या नावाने जयजयकार होत राहिला, आणि त्याच रस्त्यावरून माणूस माणसाला ओढत राहिला. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही पद्धत अमानुष ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन ई-रिक्षांमधून करायचं, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं सरकारला बजावलं. पंजाबातल्या सायकलरिक्षांच्या खटल्यात पंचेचाळीस वर्षांपूर्वीच याच न्यायालयाने रिक्षा ओढणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न हाताळला होता, हेही निकालात आलं. तेव्हा आक्षेप खराच आहे: माथेरानचा नियम निर्मळ नव्हता, त्याची किंमत सर्वांत गरीब माणसाने भरली. पण यावरून नियमच चुकला असं निघत नाही. किंमत कोणी भरायची, ही वाटणी चुकली होती.

आता ई-रिक्षा आली, आवाज नाही, धूर नाही, मग उद्या खासगी विजेच्या मोटारीही सोडा की, असा सूर निघेल; हॉटेलवाल्यांपैकी काहींना तो गोडही वाटेल. माझा त्याला ठाम विरोध आहे. विजेची मोटारही ‘हट’च म्हणते, फक्त हळू आवाजात. न्यायालयाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा दिली, पण आतल्या वाटा आणि जंगलातल्या पायवाटा त्यातून वगळल्या. ती रेघ सांभाळण्यासारखी आहे. ई-रिक्षेमुळे धंदा जाईल ही घोडेवाल्यांची धास्तीही खोटी नाही, त्यांचं पोट त्याच अडीच किलोमीटरवर चालतं, आणि घोडा काही आदर्श वाहन नव्हे: टापांनी माती उखडते, लीद पडते, आणि ‘बाजू, बाजू’ अशी हाक तोही देववतो. तरी या डोंगराचा जीव केवढा आहे ते बघायला हवं. २०११ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. पाऊस कोसळतो, पण उन्हाळ्यात शार्लोटचं पाणी पुरत नाही. नेरळच्या बाजूने उल्हास नदीचं पाणी पंपाने वर चढवावं लागतं. म्हणजे या गावाला नदी आहे, ती फक्त पायथ्याशी आहे आणि विजेच्या बिलावर वर येते. तिथे आणखी हजार मोटारी सोडायच्या तर त्यांना उभं करायलाही सपाट जागा नाही.

ई-रिक्षा माथेरानला हवी होती ती शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी, आजाऱ्यांसाठी, वृद्धांसाठी आणि ज्यांनी आजवर हातरिक्षा ओढली त्यांच्या रोजगारासाठी. तेव्हा पुढच्या वेळी दस्तुरीला उतराल आणि गुडघे साथ देत असतील, तर तिच्या रांगेत उभे राहू नका. बॅग वाहायला हमाल करा, त्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या, आणि चालू लागा.