उडतं का?

अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण चातुर्मासातल्या प्रवचनांत दरवर्षी ऐकतो. त्यातलं हिंसादान माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते आजीमुळं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तलवार, कुऱ्हाड, कुदळ, विस्तव, बेड्या, विष असल्या वस्तू दुसऱ्याला देणं त्यात घातलंय. आता बेळगावकडच्या शेतकरी घरात कुदळ न देऊन कसं चालेल? आजी कुदळ द्यायची, विळीही द्यायची. उंदराचा सापळा मात्र कुणी मागितला तर स्पष्ट नाही म्हणायची. "त्याचा उपयोग एकच," एवढंच तिचं शास्त्र.

२०१९ साली लेकीच्या बाळंतपणाला मी पेन्सिल्व्हेनियात सहा महिने होते. शेजारी एक ऐंशी पार केलेल्या बाई एकट्या राहायच्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, घर विकून त्या वृद्धांच्या वसाहतीत जाणार होत्या, आणि घरभर खोक्यांचा पसारा. हात थरथरत असल्यानं पत्ते लिहून द्यायला त्यांनी मला बोलावलं. कपबशा झाल्या, रजया झाल्या, नाताळाची काचेची खेळणी झाली. मग त्यांनी दोन पिस्तुलं आणून टेबलावर ठेवली. दोन्ही ओहायोतल्या नातवाला पाठवायची होती.

मी उठून उभीच राहिले. बाई हसल्या. त्यांच्याकडं ही वस्तू आपल्याकडच्या अडकित्त्यासारखी घरात असते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि चहाच्या कपाशेजारी बघणं वेगळं.

एक होतं लांब नळीचं, पितळी कडीचं, १८५१ सालच्या कोल्ट नेव्हीच्या नमुन्यावर इटलीत बनवलेलं. नवऱ्यानं हौसेनं घेतलेलं, वय फार तर चाळीस वर्षं. त्याच्या सिलिंडरवर (हा शब्द ऐकला की मला गॅसच आठवतो) जहाजांची लढाई कोरलेली. १८४३ साली टेक्ससच्या आरमाराची मेक्सिकोशी झाली ती. हे ठासणीचं. प्रत्येक घरात काळी दारू घालायची, त्यावर शिशाची गोळी दांड्यानं दाबायची, मागं ठिणगीची टोपी बसवायची. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, दिवाळीच्या फटाक्यातलं तेच कुटुंब.

दुसरं चपटं, छोटं, पर्समध्ये मावेल असं. कोल्टचंच, १९०३चं मॉडेल, बाईंच्या आईचं. त्याला तयार काडतुसं लागतात.

मला वाटलं, आईचं ते जुनं, इटलीचं ते नवं. कायद्याचं म्हणणं बरोबर उलटं! रात्री बाळ मांडीवर घेऊन लेकीनं मला सगळं वाचून दाखवलं. अंगावर लपवता येईल असं हत्यार टपालानं पाठवायचं नाही, असा कायदा अमेरिकेत १९२७ साली झाला. त्याआधी कॅटलॉग बघून घरबसल्या पिस्तूल मागवता यायचं. रायफलीला मात्र ही बंदी नव्हती. केनेडींवर झाडलेली रायफल ओसवाल्डनं शिकागोच्या दुकानातून खोट्या नावानं मागवली होती, टपालखर्चासकट २१ डॉलर ४५ सेंटला, आणि ती डॅलसच्या टपालपेटीवर आली. त्याचं रिव्हॉल्व्हर टपालानं येऊ शकत नव्हतं, म्हणून ते रेल्वेच्या पार्सल कंपनीकडून आलं. बंदी टपालाला होती, कंपनीला नव्हती. एक दार लावायचं आणि शेजारचं उघडं ठेवायचं, ही तऱ्हा सगळीकडं सारखीच.

१९६८ साली मोठा कायदा आला. त्यात जुन्या हत्यारांना सूट दिली आणि रेघ मारली ती १८९८वर. त्या साली किंवा त्याआधी बनलेलं ते जुनं. त्याची आजची नक्कलसुद्धा जुनीच, जर ती तयार काडतुसावर चालत नसेल. म्हणून इटलीचं चाळीस वर्षांचं पिस्तूल कायद्यानं पुराणवस्तू, जपणुकीची चीज म्हणून टपालात चालतं. आणि आईचं, शंभरी ओलांडलेलं, ते आधुनिक, टपालात बंद. ते परवानाधारक दुकानदाराकडं द्यायचं, त्यानं ओहायोतल्या दुकानदाराकडं पाठवायचं, तिथं घेणाऱ्याची चौकशी होणार. शिवाय दुकानदार एकवीस वर्षांच्या आतल्याच्या हातात पिस्तूल देऊ शकत नाही. नातू एकोणीसचा. पुराणवस्तूला मात्र केंद्राच्या कायद्यात ना वयाची अट, ना चौकशी. राज्याराज्यांचं आणखी निराळं. न्यू जर्सीत २०१४ साली एका निवृत्त शिक्षकांना गाडीत अठराव्या शतकातलं चकमकीचं पिस्तूल सापडलं म्हणून अटक झाली होती. पुढं आरोप मागं घेतले.

गंमत म्हणजे आपला टपाल कायदाही १८९८चाच, २०२३चा नवा येईपर्यंत तोच चालू होता. पण आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट देताना साल नुसतं बघत नाहीत. दुरुस्त करूनही ते झाडता येणार नाही, अशी अट आहे. थोडक्यात, उडतं का? मला हा प्रश्न जास्त शहाणा वाटतो. कुठल्याही घरातली बाई आधी हेच विचारेल.

आणि मी तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना म्हटलं, "हे इटलीचं उडतं का हो?"

"उत्तम उडतं," त्या कौतुकानं म्हणाल्या. मग थांबल्या. थोड्या वेळानं आपणच सांगू लागल्या की पोरगा हिवाळ्यापासून कॉलेज सोडून घरी बसलाय, खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही. आजोबांचा लाडका होता, म्हणून त्यांची आठवण पाठवावी. टपालाचा कागद समोर होता, त्यावर सगळं नियमात बसत होतं. आम्ही दोघी त्या कागदाकडं बघत बसलो. मी पत्ता लिहायला पेन उघडलं नाही. काही बोललेही नाही. परक्या घरात किती बोलायचं?

बाईंनी उठून लेकीला फोन लावला. पाऊण तास बोलत होत्या, मधूनच रडत होत्या. परत आल्या त्या नवऱ्याची हत्यारांची पेटी घेऊन. आधी लाकडी काडी सहाही घरांत घालून बघितली, आत जुनी दारू राहिलेली नाही ना. ही काळजी उगीच नव्हे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातली अठराव्या शतकातली तोफ २०१३ साली साफ करताना आत दारू-गोळा भरलेला निघाला होता! मग नळीची खिट्टी हातोडीनं ठोकून काढली, नळी वेगळी केली आणि सिलिंडर ओढून घेतला. थरथरत्या हातांनी, पण एकदाही न अडखळता. नवऱ्याचं बघून बघून शिकल्या असणार. सिलिंडर बटणांच्या डब्यात टाकला, झाकण लावलं. नळी परत बसवली. आता ते फक्त भिंतीवर टांगण्याजोगं.

दारूचा डबा आणि टोप्या टपालात चालतच नाहीत, ती स्फोटकं. त्या नवऱ्याच्या मित्राकडं गेल्या. आईचं पिस्तूल दुकानदारामार्फत लेकीच्या नावानं पाठवायचं ठरलं, नातवाच्या नाही.

मग मी पत्ता लिहिला. खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं नसतं, त्यामुळं नुसतं नाव, रस्ता, गाव. पोस्टातल्या मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला, काही धोकादायक आहे का? बाईंनी सगळं खरं सांगितलं, कागद दाखवला. तिनं आतून साहेबांना बोलावलं, त्यांनी दोनदा वाचलं, मान हलवली, शिक्का मारला.

दहा दिवसांनी नातवाचा फोन आला. पिस्तूल मिळालं, पण सिलिंडर कुठाय, असं विचारत होता. बाई म्हणाल्या, "माझ्याजवळ आहे. न्यायला ये." थँक्सगिव्हिंगला तो आला, चार दिवस राहिला, खोकी उचलून दिली. सिलिंडरचा विषय निघाला की नाही, ते मी विचारलं नाही.