थांबायला काय पडतं?

अकरावीच्या वर्गात फळ्यावर ‘पैशाचे कालमूल्य’ असं लिहिलं की पोरं ते वहीत उतरवतात आणि विसरून जातात. म्हणून सेनगाव तालुक्यातल्या साखरा आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना मी आधी वेगळंच विचारतो. तीन रुपये शेकड्यानं लाखभर उचलले, तर वर्षाचं व्याज किती? ‘तीन हजार, सर,’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याच्या आईनं हे उत्तर दिलं नसतं. खासगी सावकारीतला शेकडा महिन्याचा असतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं. वर्षाचे छत्तीस हजार होतात.

बँकेचा दर वर्षाचा, सावकाराचा महिन्याचा. तुलना करायची तर दोन्ही एकाच मापात आणायला हवेत. 36 टक्के सरळ व्याजानं मुद्दल पावणेतीन वर्षांत दुप्पट होते; व्याजावर दरमहा व्याज चढलं, तर दोन वर्षांच्या आतच. आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम याच चढणीला बांध घालणारा होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांपर्यंतच व्याज घ्यायचं, असा दरही ठरलेला आहे. तीन रुपये शेकडा मागणारा या चौकटीच्या बाहेरचा, हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं.

पण आमच्याकडचा खरा धडा दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो. सोयाबीन निघालेलं असतं, रब्बीचं बियाणं-खत घ्यायचं असतं, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते. सगळ्यांचा माल एकदम बाजारात उतरतो आणि भाव पडतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता. मराठवाड्यातल्या मोंढ्यांवर भाव बराच काळ त्याच्या खालीच राहिला. हमीभाव जाहीर झाला तरी खरेदी करणारा समोर हवा ना!

मग ‘ठेवून द्या, पुढं भाव येईल’ असा सल्ला मिळतो. इथं मी वही काढायला लावतो. 20 क्विंटल माल, भाव 4,000 रुपये, म्हणजे 80,000 रुपयांचा. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, इथं 60,000 रुपये, उचल मिळते. व्याज वर्षाला 6 टक्के, म्हणजे सहा महिन्यांचे 1,800 रुपये. क्विंटलमागे 90 पडले. भाव 4,090 च्या वर गेला, तरच थांबण्यात काही अर्थ. हमाली-वाहतूक त्यात वेगळी मिळवायची. शिवाय 14 टक्के ओलाव्याचा क्विंटल 12 टक्क्यांवर सुकला की साधारण 97.7 किलो उरतो. ही घट व्याजाच्या पावतीवर कधी दिसत नाही.

हाच माल घरी ठेवून गरजेचे 60,000 तीन रुपये शेकड्यानं उचलले, तर सहा महिन्यांचं व्याज 10,800. क्विंटलमागे 540! एवढी तेजी दरवर्षी येत नाही. अशा पैशावर माल धरून बसण्यापेक्षा तो विकलेला बरा, हे माझं मत मी वर्गात लपवत नाही. गंमत म्हणजे तारणात सहा महिन्यांना शेकडा तीन रुपये पडतात, तेवढेच बाहेरचा एका महिन्यात घेतो.

पुढचा भाव आजच पाहायला वायदेबाजार असतो, असं पुस्तकात आहे. पण सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये थांबवले. त्या बंदीच्या यादीत हळद नव्हती. म्हणून वायदा शिकवताना मी वसमतकडच्या हळदीचं उदाहरण घेतो.

यंदा कट्टा मोंढ्यावर नेण्याआधी आपल्या बाजार समितीत एकदा विचारा: तारण चालू आहे का, गोदामात जागा आहे का, आणि उचल किती दिवसांत हातात पडेल?