आम्ही दोघी जावा आणि मालिशचे शिक्षण

म्हसळ्याहून आमचे बिऱ्हाड उलव्यात आले ते 2019 मध्ये. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली होती, त्यामुळे दोघा भावांना कामावर जाणे सोपे झाले. मुलांच्या शाळेचीही सोय झाली. एका गोष्टीची अडचण मात्र पहिल्या महिन्यापासून जाणवू लागली. गावाकडे बाळंतीण असो, म्हातारे गुडघे असोत की लचकलेली कंबर, चोळायला येणारी बाई घरोघर ठरलेली असते. उलव्याच्या सेक्टरांत उंच इमारती आहेत, लिफ्ट आहेत, टेकडी कापून उभे राहिलेले विमानतळ आहे. चोळणारी बाई नाही. अम्मींच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी खूप शोधल्यावर एक मिळाली. खेपेला 600 रुपये घ्यायची आणि एका हाताने चोळत दुसऱ्या हाताने फोन धरायची.

तेव्हा थोरली म्हणाली, हे काम आपणच नीट शिकू. धाकटीने वर्ग शोधला: वाशीला, तीन महिन्यांचा, होलिस्टिक मसाज थेरपिस्ट होण्याचा. फी माणशी 28,000. त्याच महिन्यात भिशीत आमचा नंबर लागला होता, म्हणून पैशाचा प्रश्न सुटला. प्रश्न राहिला तो अब्बांचा.

अब्बा रागावले नाहीत. दोन दिवस बोललेच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या घरातल्या बायका लोकांचं अंग चेपणार?" त्यांचे अगदीच चुकत होते असेही नाही. 'स्पा' हा शब्द पेपरात बहुतेक वेळा पोलिसांच्या धाडीच्या बातमीतच वाचायला मिळतो. आणि तेलमालिशवाला म्हटले की आठवतो तो 1957 च्या 'प्यासा'मधला जॉनी वॉकर. त्या पात्राचे नावही अब्दुल सत्तार. हसवणारा, गोड माणूस. पण आपल्या मुलाने अब्दुल सत्तार व्हावे असे कोणत्या बापाला वाटले आहे?

उत्तर अम्मींनी दिले. अम्मी गावात मय्यतला गुस्ल देणाऱ्या बायकांपैकी. त्या म्हणाल्या, "मी किती बायकांना गुस्ल दिला याची मोजदाद नाही. तेव्हा कुणी म्हणालं नाही की लोकांच्या अंगाला कशाला हात लावतेस. उलट दुआ दिल्या. मेलेल्या बाईला हात लावला तर सवाब, आणि जित्या बाईच्या दुखऱ्या कंबरेला लावला तर शरम?" अब्बांनी चष्मा पुसला आणि विचारले, "वर्गात पुरुष असतात का?" नसतात, असे सांगितले. शिकवणारी बाई, शिकणाऱ्या बायका, आणि आम्ही हात लावणार तोही फक्त बायकांनाच. मग परवानगी मिळाली.

अम्मींचे बोलणे वर्गात फार लवकर उपयोगी पडले. पहिल्याच आठवड्यात चादर कशी घालायची ते शिकवले. गिऱ्हाईक चादरीखाली पूर्ण झाकलेले असते; ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडायचा, काम झाले की झाकायचा आणि मग दुसरा. कूस बदलतानाही चादर वर धरून आपण नजर फिरवायची. बाकीच्या मुलींना हे जमायला चार दिवस लागले. थोरली गावी अम्मींबरोबर गुस्लला मदतीला जात असे. सतर झाकून कापडाखालून हात चालवायचा हे तिच्या हाताला ठाऊक होते. मॅडमनी विचारले, आधी कुठे काम केले आहे का? थोरली म्हणाली, हो, पण तिथले कुणी तक्रार करत नाही.

थोरली उर्दू माध्यमातून दहावी, धाकटी मराठीतून बारावी. शिकवणे हिंदी-इंग्रजीत. स्नायूंची नावे पाठ करायची होती. थोरलीने ट्रॅपेझियस, डेल्टॉइड, गॅस्ट्रोक्नेमियस हे सगळे उर्दूत लिहिले, धाकटीने देवनागरीत. बामणडोंगरीहून गाडीत बसले की नेरुळ येईपर्यंत एक वही उजवीकडून वाचली जायची, दुसरी डावीकडून.

तेल तर पहिले कितीतरी दिवस हातात दिलेच नाही. उभे कसे राहायचे एवढेच. पाय पुढे-मागे, पाठ सरळ, जोर अंगठ्याचा नाही तर अंगाच्या वजनाचा. अंगठ्याने दाबत राहणारीचे अंगठे काही वर्षांत निकामी होतात. मग हाताच्या रीती आल्या. तळहात लांब सरकवत न्यायचा तो इफ्लुराज. स्नायू उचलून मळायचा तो पेट्रिसाज. फ्रेंचमध्ये पेट्रीर म्हणजे कणीक मळणे, हे कळल्यावर आम्हाला त्या शब्दाची भीती उरली नाही.

हे सगळे युरोपातून आले असे आम्ही समजत होतो. अब्बांना जुन्या पुस्तकांचा नाद. त्यांनी सांगितले की इब्न सीना (980–1037) यांच्या 'अल-कानून'मध्ये मालिशवर, म्हणजे दलकवर, वेगळे विवेचन आहे. कडक मालिश अंग घट्ट करते, मऊ मालिश सैल करते, फार वेळ केलेली अंग उतरवते, बेताची केलेली अंग भरते. खरखरीत कापडाने चोळले तर रक्त वर येते. व्यायामाआधीची मालिश निराळी आणि नंतरची, थकवा घालवणारी, निराळी. युनानी वैद्यकात आजही 'इलाज बित-तदबीर' या शाखेत दलक शिकवतात.

अब्बांनी आणखी एक माणूस शोधून काढला. शेख दीन मुहम्मद, जन्म 1759, पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला गेले, तिथून इंग्लंडला. 1810 मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचे दुकान काढले, ते बुडाले. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचे स्नान आणि आपली चंपी सुरू केली. 'शाम्पू' हा इंग्रजी शब्द या चांपण्यावरूनच आला. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांची मालिश त्यांच्याकडे आली. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉक्टर झाला, आणि रक्तदाबाच्या आजारावरील सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामात त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे चंपीवाल्याच्या घरात दोन पिढ्यांत बीपीचा संशोधक. शेख साहेबांनी आयरिश मुलीशी लग्न केले आणि तिकडे ख्रिस्ती झाले, हे वाचून अब्बा जरा थांबले. मग म्हणाले, "हुनर तर इथलाच ना."

'होलिस्टिक' म्हणजे नुसती कंबर नव्हे, सगळा माणूस बघायचा. याचा चांगला अर्थ असा की हात लावण्याआधी विचारायचे: झोप कशी आहे, पाळी कशी आहे, कुठली औषधे चालू आहेत, अलीकडे पडला होतात का, ऑपरेशन झाले आहे का. अनेक बायकांना इतके प्रश्न घरात कुणी वर्षानुवर्षे विचारलेले नसतात. निम्मा आराम तिथेच पडतो. वाईट अर्थ असा की मालिश सगळ्यावर औषध आहे. आमच्या वर्गातही 'टॉक्सिन बाहेर पडतात' असे सांगत. आम्ही गिऱ्हाइकांना ते सांगत नाही. लघवी आणि घाम यांचे काम किडनी आणि कातडी करतात, आमचे हात नाही. आखडलेले अंग सैल होते, काही दिवस दुखणे कमी होते, झोप लागते. यासाठी पैसे घ्यायला हरकत नाही.

अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हात कुठे लावायचा नाही याचा. ताप असेल, कातडीवर जखम किंवा संसर्ग असेल तर नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील तर जोर नाही, डाग पडतात. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर असतात, जास्त दाबले किंवा भाजले तरी कळत नाही. म्हाताऱ्या बायकांची हाडे ठिसूळ. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखते आहे, तर हात अजिबात लावायचा नाही. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका जास्त असतो. आपल्याकडे चिल्ल्याच्या 40 दिवसांत बाळंतिणीला रोज चोळतात, तेव्हा हे प्रत्येक घराला माहीत हवे.

सिझेरियनचेही तसेच. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसली. जुन्या बाया नैसर्गिक बाळंतपणाच्या हिशेबाने पोट रगडतात. टाक्यांवर ते चालणार नाही. बाळाच्या नाकाकानात तेल घालणे, छाती पिळणे, नाक ओढून सरळ करणे, या गोष्टी डॉक्टर बंद करायला सांगतात आणि आम्हीही करत नाही. यावरून आजींशी वाद होतात. होऊ देत.

गेल्या वर्षी जवळच्या सेक्टरातून बोलावणे आले. बाळंतपणाला 12 दिवस झालेली मुलगी, डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आणि गरम. आम्ही तेलाची बाटली उघडली नाही. आधी डॉक्टरांना दाखवा म्हटले. तिची सासू म्हणाली, पाय चोळायलाच तर बोलावलंय. अखेर नवऱ्याने नेले. पायाची सोनोग्राफी झाली, अडीच हजार गेले, गाठ निघाली नाही. साधी सूज होती. त्या घराने आम्हाला पुन्हा बोलावले नाही, आणि इमारतीत दोन-तीन जणींना सांगितले की या शिकलेल्या मालिशवाल्या घाबरट आहेत. त्यापायी तीन घरे गेली. उद्या तशीच पोटरी समोर आली तर आम्ही तेच सांगू. डोळ्यांनी सोनोग्राफी होत नाही.

आता जवळच विमानतळ सुरू झाले आहे. हॉटेले येतील, त्यांना स्पा थेरपिस्ट लागतील. आमच्या वर्गातल्या दोघी तिकडे अर्ज करणार आहेत. पगार चांगला असेल; पण पुरुष गिऱ्हाइकांना नाही म्हणता येईल का, हे त्यांनी आधी लेखी विचारून घ्यावे असे आम्हाला वाटते. आम्ही घरोघरीच जातो. आठवड्याला नऊ-दहा बायका, तासाला 700 रुपये. घरकाम करणाऱ्या बायकांकडून 200. तेल तिळाचे किंवा खोबरेल. गुडघ्यांसाठी अम्मी गावाहून उंडीचे तेल मागवतात. वास उग्र, पण म्हाताऱ्यांचा त्यावरच विश्वास.

ज्या बहिणींना हे शिकायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. डॉक्टर किंवा नर्स यांच्यासारखी मालिश करणाऱ्यांची नोंदणी करणारी परिषद आपल्या देशात नाही, म्हणून कोणीही वर्ग काढू शकतो. 'ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल'च्या अभ्यासक्रमात स्पा थेरपिस्टचे काम आहे. वर्गाचे प्रमाणपत्र तिथले आहे की घरी छापलेले, ते पाहा. मालिश शिकून कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही, त्याचे शिक्षण आणि कायदा वेगळा. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी असेल आणि तिला पुढे जायचे असेल तर युनानीची पदवी आहे. वर्सोवा, पुणे, मालेगाव, अक्कलकुवा इथे महाविद्यालये आहेत. आणि फी भरण्याआधी एकच विचारा: तीन महिन्यांत प्रत्यक्ष माणसावर हात चालवायला किती तास मिळतील? आमच्याबरोबरच्या एका मुलीने आधी दुसरीकडे पैसे भरले होते. तिथे तिला उशीवर शिकवले होते.