मीही टाळी वाजवली

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. बाकीच्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यासाठी स्टेजवर कोणी तरी एक शेतकरी उभा होता. माझा तो सख्खा मोठा भाऊ होता.

२०२३ चे गणपतीचे दिवस. चांदूर बाजारात एक नावाजलेले वक्ते येणार होते, विषय सकारात्मक विचारांची ताकद. दोन प्रवेशिका मीच आणल्या आणि दादाला ओढून नेलं. आमचा संत्र्याचा बगीचा तोच पाहतो, माझं गावात स्टेशनरीचं दुकान. आंबिया बहाराची फळं ऑगस्टपासून गळत होती. दादा घरात बोलेनासा झाला होता, आणि बोललाच तर गळतीचंच. मी लगेच म्हणायचो, "दादा, निगेटिव्ह बोलू नको." दुकान बुडायला आलं होतं तेव्हा नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या पुस्तकाने मला सावरलं होतं. १९५२ सालचं ते अमेरिकेतल्या पाद्र्याचं पुस्तक, मराठीत मिळतं. तेच मी त्याच्या उशाशी ठेवलं होतं.

वक्त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "कसे आहात?" दोन्ही हात वर करून ओरडायचं, "एकदम मस्त!" दादाने हात वर केले नाहीत. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, त्यांना ते दिसलं. "काका, या वर."

दादा गेला. बोटांच्या पेरांत कोळशी रोगाचा काळा थर, साबणानेही न निघणारा. माइक त्याने तोंडापासून हातभर लांब धरला होता.

"किती झाडं?"

"साडेचारशे."

"गळ किती?"

"अर्ध्याच्या वर गेला माल."

"म्हणजे बाकीचा झाडावर आहे!"

"हाय, पन..."

"पण नाही! आजपासून 'पण' काढून टाका."

लोक हसले. मग वक्त्यांनी माधानच्या गुलाबराव महाराजांचं नाव घेतलं. माधान आमच्याच तालुक्यातलं. तान्हेपणीच दृष्टी गेलेला माणूस, आयुष्य अवघं चौतीस वर्षांचं, आणि शंभरावर ग्रंथ. "आणि तुम्हाला दोन डोळे असून खाली पडलेलीच फळं दिसतात?" टाळ्या कडाडल्या. दादाने माइक परत दिला, पायऱ्या उतरून आला आणि माझ्या शेजारी बसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो 'पण' माझ्या मनातून जात नाही. त्या 'पण'मध्ये काय होतं ते लिहितो. झाडावरच्या फळांचे देठ पिवळे पडले होते. असं फळ हिरवंगार दिसतं, बोट लागलं की हातात येतं. पावसाचं पाणी बगीच्यात साचून राहिलं होतं, कितीक झाडांच्या बुंध्यांवर डिंक्या रोग आला होता. ज्या व्यापाऱ्याने बगीचा ठोक घेतला होता तो इसार देऊन गेला आणि आता फोन उचलत नव्हता. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क २०१९ मधल्या किलोमागे तिकडच्या चलनात २० टक्यांवरून ८८ टक्यांवर नेलं होतं, आमचा माल तिकडे जाणं अवघड झालं होतं. यातलं काय दादाच्या विचारांनी बदलणार होतं? ढाक्याचं शुल्क?

आणि गुलाबराव महाराज! त्यांना कोणी ग्रंथ वाचून दाखवत होतं, ते सांगत ते कोणी लिहून घेत होतं. ती वाचणारी, लिहिणारी माणसं भाषणात कधीच येत नाहीत.

अमरावतीहून इकडे येताना वलगाव लागतं. तिथेच पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबाही कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तरं वदवून घेत. पण दिवसभर त्याच गावचा रस्ता झाडून रात्री ते उभे राहत, आणि सांगत ते करता येण्यासारखं: कर्ज काढून लग्न करू नका, दारू सोडा, पोराला शाळेत घाला. आमच्या वक्त्यांची गाडी बाहेर चालू उभी होती. मला हे अजून सहन होत नाही.

पण खरं तेही सांगितलं पाहिजे. गाडीवर परत येताना मी दादाला म्हटलं, "चुकलं माझं, तुला न्यायला नको होतं." बराच वेळ तो बोलला नाही. मग मागून म्हणाला, "मले राग नाही आला गा. दोन महिन्यांत मले कोनी इचारलंच नव्हतं, किती झाडं हायेत, किती माल गेला. त्यानं इचारलं."

त्या रात्री म्हणे त्याला झोप लागली. वहिनीने सांगितलं.

आमच्या अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत 'विश्राम' नावाचा असाच विचारपुशीचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी पाठवलं, खचलेल्यांशी बोलायला, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायला. नैराश्याने आजारलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे मी नंतर वाचलं. घरातला माणूस गप्प झाला असेल तर त्याच्या उशाशी पुस्तक ठेवण्याआधी शेजारी बसा, आणि झोप-जेवण तुटलं असेल तर सरळ डॉक्टरकडे न्या. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

मी मात्र अजून शटर उघडताना पीलच्या पुस्तकातलं माझं वाक्य मनात म्हणतो. ते सोडवत नाही, सोडावंसंही वाटत नाही. दादानेही पुस्तक परत दिलेलं नाही. मधल्या एका पानात संत्र्याचं पान घातलेलं दिसलं, म्हणजे तो तिथवर पोचलाय. काय वाटलं, ते मी विचारलेलं नाही.

यंदाच्या आंबियात दर रविवारी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर बगीच्यात जातो. झाडाखालची फळं मोजतो, वहीत लिहितो. परवा बांधाकडच्या झाडाखाली त्रेचाळीस निघाली. एक उचलून दादाने देठाची जागा अंगठ्याने दाबली, माझ्यापुढे धरली आणि सांगायला लागला. दुपार झाली तरी त्याचं सांगणं चालूच होतं.