पाण्याची गोळी आणि बर्नची पडवी

परदेशी सहलीला निघालेले ज्येष्ठ नागरिक प्रकृतीचा दाखला मागण्यासाठी माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी सोसवेल का, गुडघे साथ देतील का, शाकाहारी जेवण मिळेल का. गेल्या काही वर्षांपासून मी मात्र त्यांना उलट एक प्रश्न विचारतो : "लघवीची गोळी तिथे रोज घेणार आहात ना?" बहुतेकांची नजर क्षणभर खाली जाते. हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथाने शिकवला नाही. तो मी माझ्या आईकडून शिकलो.

आईचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. रक्तदाब जुना, हृदयाची ताकद किंचित कमी झालेली आणि त्यासाठी रोज सकाळी एक पाण्याची गोळी. स्वित्झर्लंड पाहण्याची तिची इच्छा फार दिवसांची. मे महिन्यात आम्ही पाच जण रत्नागिरीहून निघालो : आई, थोरले बंधू, वहिनी, माझी पत्नी आणि मी. घरात डॉक्टर असल्यामुळे सारे निर्धास्त होते. सर्वांत निर्धास्त अर्थात मीच.

पहिले दोन दिवस लुसर्नला गेले. तिथला चौदाव्या शतकातील लाकडी पूल 1993 साली आगीत बराचसा जळला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला, हे ऐकून आई कौतुकाने त्याच्या तुळयांवरून हात फिरवीत राहिली. संध्याकाळी तिच्या पावलांवर सूज दिसली. विमानात इतके तास पाय लोंबते राहिले, त्याचाच परिणाम, असे मी ठरवून टाकले. रात्री तिने उशाशी दुसरी उशी मागितली, तेही मी पलंगाच्या मऊपणावर ढकलले. एखाद्या रुग्णाने या दोन गोष्टी सांगितल्या असत्या, तर मी त्याला लगेच तपासणीच्या टेबलावर झोपवले असते.

तिसऱ्या दिवशी आम्ही बर्नला आलो. 1191 साली वसलेले हे शहर आरे नदीने तीन बाजूंनी वेढलेले आहे. 1405 च्या मोठ्या आगीनंतर लाकडाऐवजी दगडात बांधलेले जुने शहर आजही नांदते आहे. 1983 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आईला भावली ती तिथली कमानींची छपरे. दुकानांपुढून छताखालचा पदपथ सलग जातो. अशा वाटांची एकूण लांबी सुमारे सहा किलोमीटर आहे. "ही तर गावभर एकच पडवी!" ती म्हणाली. पावसात छत्री न उघडता गाव फिरता येते, याचे मोल कोकणातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

अस्वलांचा बगीचा पाहून पुलावरून जुन्या शहरात शिरताना थोडासा चढ आहे. त्या चढावर आई दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिला वाक्य पुरे करता येईना. तिला एका बाकावर बसवून मी औषधांची डबी मागितली. चार सकाळींच्या खणांत चार पांढऱ्या गोळ्या तशाच होत्या.

"अरे, ती घेतली की सारखं जावं लागतं. इथं शोधायचं कुठं? सापडलं तर दारात नाणं टाका. लघवीला शंभर रुपये! आणि तुम्ही सगळे माझ्यासाठी ताटकळत उभे."

दुसऱ्या दिवशी आम्ही युंगफ्राउयोखला जाणार होतो. ते स्थानक 3,454 मीटर उंचीवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. शरीरात पाणी साठलेल्या, दम लागलेल्या आईला मी हौसेने तिथे घेऊन गेलो असतो. त्या बाकावर माझ्या हाताला घाम सुटला होता.

स्वतःच्या आईवर स्वतः उपचार करू नयेत. विमा कंपनीला फोन करून त्याच दुपारी तिथल्या डॉक्टरांना दाखवले. गोळी सुरू झाली आणि उंचावर जाण्यास त्यांनी स्पष्ट मनाई केली. छातीत दुखणे किंवा बसूनही दम लागणे असते, तर मी आधी 144 हा तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक फिरवला असता. 112 हा क्रमांक तर युरोपभर चालतो. निघण्यापूर्वी हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

तुमच्या घरी अशी गोळी कोणी घेत असेल, तर प्रवासाआधी डॉक्टरांशी तिच्या वेळेविषयी बोला. पुष्कळदा फिरण्याच्या दिवशी ती सकाळऐवजी मुक्कामी परतल्यावर, दुपारी चारच्या सुमारास घेता येते. रात्री नको, झोपमोड होते आणि अंधारात पडण्याची भीती असते. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, तेही वेळ ठरवताना लक्षात घ्या. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. इन्सुलिन तर सामानाच्या कप्प्यात कधीच नको, तिथे ते गोठू शकते. डबीचे खण रोज रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. "घेतली" या शब्दावर विसंबू नका. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ती पाहुणचाराची चरबी समजू नका. शहर पाहायला निघताना चर्च आणि संग्रहालयांबरोबर स्वच्छतागृहेही नकाशावर टिपून ठेवा. आणि सुट्या नाण्यांची पुरचुंडी आजींच्या हाती द्या. मागावी लागली की त्या मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बंधू, वहिनी आणि पत्नी बर्फ पाहायला गेले. आई आणि मी बर्नमध्येच राहिलो. तिच्या पडवीतून आम्ही बाकामागून बाक गाठत चाललो. जुन्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली तास भरण्याआधी चार मिनिटे उभे राहिलो. कोंबडा आरवला, अस्वलांची मिरवणूक फिरली. तिला ते इतके आवडले, की पुढच्या तासासाठी आम्ही समोरच बसून राहिलो.

रत्नागिरीला परतल्यावर शेजारणींना तिने बर्फ किती उंच होता ते सांगितले नाही. कोंबडा कसा आरवतो ते करून दाखवले, आणि मग शंभर रुपयांची गोष्ट.