आकाराकडून निराकाराकडे

जिवतीच्या डोंगरांवर पावसाळ्यात धुके उतरले, की साग, मोह, तेंदू ही सारी झाडे दिसेनाशी होतात. डोळ्यांना रान दिसत नाही. तरी ते तेथेच आहे, हे मनाला कळत असते. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे उभे राहिले, की अशीच जाणीव होते.

विदर्भाशी या चित्रकाराचे नाते जन्माचे. १९२४ साली ते नागपुरात जन्मले आणि १९४८ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी मिळविली. आरंभी त्यांच्या चित्रांत माणसे असत. पुढे पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराच्या कलेने त्यांना नवी दृष्टी दिली. झेन विचारातील मौनाची त्यांना ओढ लागली. मग हळूहळू चित्रांतून माणसे गेली, वस्तू गेल्या. उरले केवळ रंग आणि प्रकाश. हाताला साधलेली गोष्ट सोडून देणे सोपे नसते. गायतोंडे यांनी ती सोडली आणि पुन्हा तिच्याकडे वळले नाहीत.

रंगाचा थर द्यावा, रूळ फिरवून तो पसरावा, सुरीने खरवडावा, पुन्हा नवा थर द्यावा, असे त्यांचे काम चाले. त्यात घाई नसे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. २००१ साली ते निवर्तले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

त्यांचे चित्र कशाचे आहे, असे विचारू नये. त्याच्यापुढे क्षणभर शांत उभे राहावे.